बाळाची दीड वर्ष वाट पाहतोय, आणि आठवड्याला ८८ किमी पळतोय. या दोन्हींचा संबंध असेल का?

खारघरचा_पळकर | १२ सप्टेंबर, रात्री ११:४०

चार दिवस लिहू की नको करत होतो. इथे शूज, पेस, गुडघे, जेल सगळ्यावर धागे आहेत, या विषयावर एकही सापडला नाही, म्हणून शेवटी मीच काढतोय.

वय ३४, लग्नाला पाच वर्षं, नोकरी ऐरोलीत. अडीच वर्षांपूर्वी पळायला लागलो तेव्हा वजन ७२ होतं, आज ६१ आहे. मंगळवारी इंटरव्हल (जोरात-हळू असे तुकडे), गुरुवारी टेम्पो (सलग जलद पळणं), शनिवारी खारघरच्या टेकडीचा चढ, रविवारी पाम बीच रोडवर लाँग रन, मधले दिवस हळू. आठवड्याचे ८५ ते ९० किमी होतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन ३ तास १५ मिनिटांच्या आत संपवायची, हे वर्षभर भिंतीवर लिहून ठेवलंय.

दीड वर्षापासून आम्ही बाळाचा प्रयत्न करतोय. या काळात बायकोची सोनोग्राफी झाली, एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) झाली, थायरॉइड झाला, गर्भनलिकांचा एक्स-रे झाला (त्या दिवशी ती वेदनेने पांढरीफटक पडली होती), फॉलिक्युलर स्टडीसाठी (बीज कसं वाढतंय ते पाहणारी सोनोग्राफी) महिन्याला चार-पाच फेऱ्या झाल्या. तिचं सगळं नॉर्मल आलं. माझी एकही तपासणी कुणी सांगितली नाही आणि मीही विचारलं नाही. "त्याला काय होणार, तो तर चाळीस किलोमीटर पळतो," असं आई चारचौघांत म्हणायची. बायको शेजारी बसलेली असायची आणि मी गप्प राहायचो. याचं मला आता फार वाईट वाटतं.

ऑगस्टच्या शेवटी नवीन डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझी वीर्यतपासणी लिहून दिली. शुक्राणू दर मिलिलिटरला ९० लाख, पुढे सरकणारे १८ टक्के. रक्तात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २३६, एलएच (ते बनवायचा हुकूम देणारं हार्मोन) २.१.

मागे वळून पाहिलं तर खुणा होत्या. पहाटे तीनला जाग यायची आणि परत झोप लागायची नाही. ऑफिसच्या एसीत थंडी वाजायची. शरीरसंबंधांची इच्छा जवळजवळ संपली होती. हे सगळं मी ट्रेनिंगचा थकवा म्हणून सोडून दिलं.

जिममधला ट्रेनर म्हणतोय, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे, दोन महिन्यांत आकडा वर येईल. घेऊ का? आणि पळण्याने असं खरंच होतं का?

---

उपवन_ते_येऊर | १३ सप्टेंबर, सकाळी ६:१०

पळकर, आधी इंजेक्शन थांबव. बाकीचं नंतर बोलू.

मी ५२ वर्षांचा, वर्तकनगरला राहतो, वीस वर्षं पळतोय. तुला चार गोष्टी विचारतो. नमुना दिला त्याच्या आदल्या दिवशी लाँग रन होता का? त्याआधी शरीरसंबंधांपासून किती दिवसांचं अंतर ठेवलं होतंस? रक्त किती वाजता दिलंस? आणि पावसाळ्यात ताप आला होता का?

---

खारघरचा_पळकर | १३ सप्टेंबर, सकाळी ९:०५

काका, रविवारी ३० किमी पळालो होतो आणि सोमवारी नमुना दिला. अंतर एक दिवसाचंच होतं, लॅबमध्ये कुणी विचारलंच नाही. रक्त ऑफिसमधून परत येताना, संध्याकाळी सहाला दिलं. ताप जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला होता, १०३ पर्यंत, पाच दिवस.

---

सानपाडा_डॉ | १३ सप्टेंबर, दुपारी २:३०

उपवनकाकांनी विचारलेले चारही प्रश्न अगदी नेमके आहेत. मी फिजिशियन आहे. पुरुषांचं वंध्यत्व हे माझं रोजचं काम नाही, त्यामुळे यूरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्टकडे (पुरुषांच्या प्रजननाचे तज्ज्ञ) जाच. तोवर समजून घेण्यापुरतं सांगते.

तुमच्या रिपोर्टवरून अजून निष्कर्ष काढता येणार नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतं, म्हणून रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचं. दमवणाऱ्या लाँग रननंतर ते एरवीही काही काळ खाली येतं. वीर्याच्या नमुन्यासाठी २ ते ७ दिवसांचं अंतर लागतं आणि नमुना तासाभराच्या आत लॅबमध्ये तपासायला हवा. एका नमुन्यावर कुणी शिक्का मारू नये, काही आठवड्यांनी दुसरा घ्यावाच लागतो.

तापाचं महत्त्व असं, की शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर परिपक्व होऊन बाहेर यायला आणखी दहा-पंधरा दिवस. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी तुम्ही जे दिलंत त्याची सुरुवात जूनमध्ये झाली होती आणि जुलैतला ताप बरोबर मध्ये आला. वृषणं शरीराबाहेर असतात कारण त्यांना दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. १०३ चा ताप त्यांना सोसत नाही.

आता पळण्याबद्दल. मेंदूतला हायपोथॅलॅमस थोड्या थोड्या वेळाने एक संदेश सोडतो, त्यावर पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते, एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं आणि एफएसएच शुक्राणूंच्या कामाला लागतं. शरीराला बराच काळ खर्च जास्त आणि अन्न कमी मिळालं, की हायपोथॅलॅमस हे संदेश कमी करतो. दुष्काळात पुनरुत्पादन पुढे ढकलायचं, असं ते आहे. टेस्टोस्टेरॉन कमी पडल्यावर एलएच वर जायला हवं होतं. तुमचं एलएच मात्र खालीच आहे. बिघाड वृषणात असता तर एलएच वाढलेलं दिसलं असतं. इथे वरूनच हुकूम येत नाहीये, असं वाटतं. सकाळच्या रक्तात हेच पुन्हा दिसलं तर ही सुधारण्यासारखी गोष्ट आहे.

पळणाऱ्यांवरचे पहिले अभ्यास जुने आहेत. १९८४ साली आठवड्याला किमान ६४ किमी पळणाऱ्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन न पळणाऱ्यांपेक्षा कमी सापडलं. १९९४ मध्ये आठवड्याला साधारण ५४ किमी आणि १०८ किमी पळणारे असे दोन गट तपासले. हार्मोन आणि शुक्राणूंची हालचाल जास्त पळणाऱ्या गटात बिघडलेली होती, मध्यम पळणाऱ्यांत तसं दिसलं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे अँथनी हॅकनी यांनी अनेक वर्षं हाच विषय धरून ठेवला. २०१७ च्या त्यांच्या पाहणीत १,०७७ पुरुष होते, आणि फार तीव्र किंवा फार लांब ट्रेनिंग करणाऱ्यांत इच्छा कमी असण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तुम्ही जे 'थकवा' म्हणून सोडून दिलंत त्याच्याशी हे जुळतं.

---

तीन_हात_नाका | १३ सप्टेंबर, रात्री ८:२०

एक विनंती. धावण्याला बदनाम करू नका. माझं आठवड्याचं मायलेज दहा वर्षं ७० च्या वर आहे आणि मला दोन मुलं आहेत, दुसरी मुलगी तर मॅरेथॉनच्या ट्रेनिंगमध्येच राहिली. आमच्या ग्रुपमध्ये अशी पाच-सहा घरं आहेत. सोफ्यावर बसून वजन वाढवलेल्यांचे रिपोर्ट जास्त खराब येतात. हा धागा वाचून कुणी पळणं सोडलं तर वाईट वाटेल.

---

सानपाडा_डॉ | १३ सप्टेंबर, रात्री ९:००

तुमचं म्हणणं मला पटतं. लठ्ठपणातही टेस्टोस्टेरॉन खाली येतं, आणि माफक व्यायामाने वीर्याची प्रत सुधारते असं इराणमधल्या २४ आठवड्यांच्या प्रयोगात दिसलंय. त्यात तीव्र व्यायामाच्या गटांपेक्षा मध्यम गतीने, आठवड्यात तीन-चार दिवस पळणाऱ्यांना जास्त फायदा झाला. पण तुमच्या घरात मुलं आहेत म्हणून पळकरांचा रिपोर्ट खोटा ठरत नाही. एकच मायलेज दोन शरीरं वेगळं सोसतात, आणि दोघांच्या ताटात काय होतं तेही बघायला हवं. पळकर, तुम्ही दिवसभरात काय खाता?

---

खारघरचा_पळकर | १३ सप्टेंबर, रात्री १०:१५

पहाटे काळी कॉफी घेऊन पळतो. आल्यावर तीन अंड्यांचा पांढरा भाग आणि ओट्स. डब्यात दोन फुलके, भाजी, काकडी. चारला ग्रीन टी, मूठभर चणे. रात्री सूप आणि पनीर किंवा चिकन, सातनंतर पोळी-भात नाही. ॲपमध्ये रोज १८०० ते १९०० कॅलरी दाखवतं. बॉडी फॅट ९ टक्के.

---

मानपाड्याची_आहारताई | १४ सप्टेंबर, सकाळी ११:००

पळकरदादा, मी आहारतज्ज्ञ आहे, घोडबंदर रोडला बसते. तुमचा डबा वाचून काळजी वाटली. वही काढा, हिशेब करू.

एक किलोमीटर पळायला किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. ६१ किलो गुणिले ८८ किमी, म्हणजे आठवड्याला ५,३६८, दिवसाला सुमारे ७६७. खाता १९००. पळण्याचे ७६७ गेले, उरले ११३३. या ११३३ मध्ये हृदय, मेंदू, यकृत, हाडं, झोप, हार्मोन सगळं भागवायचंय. चरबी सोडून तुमचं वजन साडेपंचावन्न किलो. भागाकार केला तर किलोमागे २० च्या आसपास कॅलरी उरते.

ही संख्या ४५ च्या जवळ असली की शरीर निवांत असतं. ३० च्या खाली काटकसर सुरू होते. ३० चा आकडा मुळात स्त्रियांवरच्या प्रयोगांतून आलाय आणि पुरुषांचं शरीर थोडं जास्त सोसतं असं दिसतं, पण २० हे वर्ष वर्ष काढायचं ठिकाण नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीरात ऊर्जेची तूट) नाव दिलं. त्याआधी ही गोष्ट खेळाडू मुलींची पाळी जाण्यापुरतीच बोलली जायची. मुलीची पाळी थांबली तर तिला निदान कळतं तरी. पुरुषाला अशी कुठलीच तारीख नसते, म्हणून दोन-दोन वर्षं निघून जातात.

तुमच्या मायलेजला ३२०० ते ३३०० कॅलरी हव्यात. पहाटे केळं नाहीतर दोन-तीन खजूर खाऊनच निघा. आल्यावर अर्ध्या तासात पोट भरून पोहे किंवा थालीपीठ-दही, अंडी पिवळ्यासकट. डब्यात चार पोळ्या, उसळ, भात. ऑफिसमध्ये शेंगदाण्याचा लाडू, दूध. रात्री वरण-भात-तूप, मासे खात असाल तर मासे. सातनंतर भात नाही हा नियम विसरून जा. तुमच्या आजोबांनी शेतात राबून रात्रीचा भात कधी सोडला नसेल.

आणि झोप. २०११ च्या एका प्रयोगात तरुण पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तेवढ्यात दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं. तुम्ही साडेचारचा गजर लावून किती तास झोपता?

---

खारघरचा_पळकर | १४ सप्टेंबर, सकाळी ११:२५

साडेपाच तास. ताई, हा हिशेब मला याआधी कुणीही दाखवला नव्हता. तीनदा वाचला.

---

नाव_नको | १४ सप्टेंबर, रात्री ११:५५

या आयडीवरून पहिल्यांदा लिहितोय. इंजेक्शनबद्दल.

मी घेतलं होतं. वय तेव्हा ३१. पळत होतो, सोबत जिम होती, टेस्टोस्टेरॉन २८० आलं आणि ओळखीच्या एकाने सुरू करून दिलं. चार महिन्यांत अंगात जोर आला, आकडा ९०० वर गेला, मला वाटलं सगळं सुटलं. मग बायकोच्या डॉक्टरांनी वीर्यतपासणी करायला लावली. शून्य. एकही शुक्राणू नाही. लॅबवाल्याने नमुना फिरवून पुन्हा पाहिला, तरी शून्य.

डॉक्टरांनी समजावलं, की बाहेरून हार्मोन आलं की पिट्यूटरीला वाटतं भरपूर आहे, ती एलएच-एफएसएच बंद करते. रक्तात आकडा भारी दिसतो आणि वृषणाच्या आत, जिथे रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, तिथे दुष्काळ पडतो. १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने हीच इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठू शकलो नाही. मूल हवं म्हणून मी गर्भनिरोधक घेत होतो.

थांबवल्यावर पहिले शुक्राणू दिसायला सात महिने लागले, नीट आकडा यायला चौदा. मधल्या काळात अंगात त्राण नव्हतं, मनही फार खाली गेलं. आता मुलगा दीड वर्षाचा आहे. पण ते चौदा महिने माझ्या बायकोने काय सोसलं ते मला माहीत आहे. पळकर, तुझा ट्रेनर वाईट माणूस नसेल, त्याला हे माहीत नसेल. तू मात्र घेऊ नकोस.

---

उपवन_ते_येऊर | १५ सप्टेंबर, सकाळी ५:५०

लिहिलंस हे फार मोठं काम केलंस, मित्रा. शिवाय हे औषध स्पर्धेत उतरणाऱ्यासाठी कायम बंदी असलेलं आहे, हेही सगळ्यांनी लक्षात ठेवा.

---

सायकल_बेलापूर | १५ सप्टेंबर, दुपारी १:१०

सायकलवाल्यांसाठी दोन ओळी. बोस्टनच्या वंध्यत्व केंद्रांत आलेल्या दोन हजारांहून जास्त पुरुषांच्या पाहणीत (२०११) एकूण व्यायामाचा वाईट परिणाम दिसला नाही, पण आठवड्याला पाच तासांहून जास्त सायकल चालवणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी दिसली. ते आधीच उपचाराला आलेले लोक होते, त्यामुळे सगळ्यांना लागू करू नका. तरी बाळाचा प्रयत्न चालू असेल तर सीट मधे खाच असलेलं घ्या, सीटचं पुढचं टोक किंचित खाली करा, पाम बीचवर दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहा. आणि ओल्या पॅडेड शॉर्ट्समध्ये तासभर चहा पीत बसू नका, आपल्याकडच्या दमट हवेत ती वाळतच नाही.

---

सीवूड्सची_आई | १५ सप्टेंबर, रात्री १०:४५

मला पळकरच्या बायकोसाठी लिहायचंय.

माझा नवरा ट्रायथलॉन करतो. तीन वर्षं माझ्या तपासण्या चालल्या. त्याला वीर्यतपासणी करायला सांगितलं की तो दोन दिवस बोलायचा नाही. माझ्या पोटात सुया, माझ्या गोळ्या, माझ्या रजा, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक बाईची नजर माझ्याच पोटावर. शेवटी एका डॉक्टरांनी मला पुढची कुठलीही तपासणी लिहून द्यायला नकार दिला आणि त्याला म्हणाल्या, आधी तुमचा कागद आणा. त्याला डाव्या बाजूला व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) निघालं. साध्या हाताने तपासून कळलं. तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता.

हे दर सहा-सात पुरुषांत एकाला असतं आणि मूल न होणाऱ्यांत त्याहून बरंच जास्त. म्हणून पळकरदादा, सगळा दोष धावण्यावर टाकून मोकळे होऊ नका, नीट तपासून घ्या. आणि तुमच्या आईसमोर एकदा, तुमच्या तोंडाने, बोला.

---

सानपाडा_डॉ | १६ सप्टेंबर, सकाळी ८:१५

सीवूड्सताईंना पूर्ण अनुमोदन. पुरुषाची तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही आणि पहिल्याच महिन्यात व्हायला हवी.

रिपोर्टमधल्या आकड्यांबद्दल एक राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि पुढे सरकणारे ३० टक्के, असे खालचे आकडे आहेत. वर्षभरात ज्यांना दिवस राहिले अशा जोडप्यांतल्या पुरुषांपैकी सर्वांत खालचे पाच टक्के कुठे होते, ते या आकड्यांवरून कळतं. आकडा खाली आला म्हणजे दार बंद झालं, असं नाही.

पळकर, यूरॉलॉजिस्टकडे जाताना सकाळचं टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्यूटरीचं आणखी एक हार्मोन), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एवढे रिपोर्ट घेऊन जा.

---

खारघरचा_पळकर | २१ डिसेंबर, रात्री ९:३०

शंभर दिवस झाले. धागा वर काढतोय.

यूरॉलॉजिस्टना भेटलो. सप्टेंबरच्या शेवटी सकाळी दोनदा रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन २६१ आणि २७४, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड ठीक. डाव्या बाजूला बारीक व्हेरिकोसील आहे, सध्या हात लावायचा नाही म्हणाले. कुठलंही औषध दिलं नाही. तीन महिने मायलेज निम्मं, पोटभर जेवण, सात तास झोप.

मॅरेथॉन सोडली. नोंदणी झालेली होती. एक आठवडा अगदी रिकामं वाटलं, ग्रुपचे मेसेज बंद करून ठेवले होते. आता आठवड्याला ४५ किमी, सगळे आरामात, इंटरव्हल नाही. वजन ६५. पहिल्या तीन आठवड्यांत झोप परत आली. पहाटेचा गजर साडेपाचचा केलाय.

गेल्या आठवड्यातले रिपोर्ट: टेस्टोस्टेरॉन ३८८, एलएच ३.९. शुक्राणू २ कोटी १० लाख, पुढे सरकणारे २९ टक्के. अजून गोड बातमी नाही.

आईशी बोललो. दिवाळीत, भाऊबीजेला, सगळे असताना. कागद समोर ठेवला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून स्वयंपाकघरात बायकोजवळ जाऊन उभी राहिली.

---

सानपाडा_डॉ | २२ डिसेंबर, सकाळी ७:४०

फार बरं वाटलं. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. शुक्राणूंच्या सुधारणेत जुलैचा ताप सरल्याचाही वाटा असणार, आणि या वेळी नमुनाही नीट दिलात. टेस्टोस्टेरॉन आणि एलएच एकत्र वर आलेत, त्याचं श्रेय मात्र ताटाला आणि झोपेला द्यायला हरकत नाही. मार्चमध्ये पुन्हा एकदा तपासा, त्याआधी आकडे बघत बसू नका.

---

खारघरचा_पळकर | २२ डिसेंबर, रात्री १०:२०

मी त्याची बायको. त्याच्याच आयडीवरून लिहितेय, त्याला विचारून.

हा धागा मी आज पहिल्यांदा पूर्ण वाचला. आहारताई, तुमचा हिशेब त्याने कागदावर लिहून भिंतीवर लावलाय, वर्षभर जिथे ३:१५ लिहिलेलं होतं त्याच्या शेजारी. 'नाव_नको', तुमचं लिहिणं वाचून तो त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून होता, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनरला जाऊन सांगून आला. रविवारी आता मी सेंट्रल पार्कला चालते, तो दोन फेऱ्या पळून माझ्याबरोबर येतो.

मार्चपर्यंत वाट पाहायची ठरलंय. माझं वय ३३ आहे, तोपर्यंत थांबायला आमच्या डॉक्टरांची हरकत नाही. त्यानंतर आययूआयचं (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) बोलू म्हणाल्या.

सीवूड्सताई, तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. व्यनि (खासगी निरोप) केलाय.